बंदुकीचा ठराव आणि सव्वादोन तोळ्यांची गोळी



मागच्या जिल्हा बैठकीतला रानडुकरांचा ठराव आम्हीच लिहिला होता. एका ओळीचा ठराव : 'पीक राखायला मागेल त्या शेतकऱ्याला बंदूक द्या.' वाचून दाखवला तेव्हा टाळ्यांनी मांडव हलला. टाळ्या का पडल्या ते सांगायला नको. हुरड्यावर आलेली ज्वारी एका रात्रीत आडवी झालेली ज्याने पाहिली आहे, पेरल्याच्या तिसऱ्या दिवशी हरभऱ्याच्या तासातला दाणा न् दाणा उकरलेला ज्याने पाहिला आहे, त्याच्यापुढे बंदुकीचे नाव काढले की हात शिवशिवणारच. आमचेही शिवशिवले.

तोच ठराव या बैठकीत बदलून घ्यावा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. बंदूक मागणे चूक आहे असे आमचे म्हणणे नाही. बंदूक मिळाली की प्रश्न मिटला, असे त्या एका ओळीतून आम्ही तुम्हाला सांगितले. ते खरे नव्हते.

झाले असे. ठरावावर बोलताना एक तरुण उठून म्हणाला, 'अमेरिकेतला शेतकरी डुक्कर दिसले की गोळी घालतो, कुणाची परवानगी विचारत नाही. मग आमच्याच हाताला बेड्या का?' प्रश्न बिनतोड वाटला. आम्ही मान डोलावली आणि ठराव लिहिला. पण शेतीशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसाला एक खोड असते. दुसऱ्याच्या शेतात पीक जोमात आहे असे ऐकले, की तिथली माती कोणती, पाऊस किती, खर्च काय, हे विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आमच्या एका कार्यकर्त्याचा भाऊ टेक्सासात नोकरीला आहे. शेजाऱ्याबरोबर तो डुकरांच्या मागे हिंडलेला आहे. गावी आला तेव्हा दोन रात्री त्याला बसवून घेतले, खोदून खोदून विचारले, मग पुस्तकेही चाळली. जे कळले ते तुमच्यापुढे ठेवतो.

कापूस-ज्वारीच्या राज्यातले डुक्कर

टेक्सास हे आपल्यासारखेच कापसाचे आणि ज्वारीचे राज्य. पावसाच्या भरवशावरचा कापूस तिथेही आहे. डुक्कर मात्र मूळचे तिथले नव्हे. १५३९ साली हर्नांडो दि सोटो नावाच्या स्पॅनिश सरदाराने फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर डुकरे उतरवली. पुढे वसाहतवाल्यांची मोकाट सुटलेली डुकरे रानटी झाली. त्यावर कळस केला तो हौशी धनिकांनी. शिकारीला मजा यावी म्हणून त्यांनी युरोपातली रानडुकरे आणली. १९१२ साली उत्तर कॅरोलिनातल्या हूपर बाल्ड डोंगरावर कुंपणात ठेवलेली डुकरे पुढे कुंपण तोडून पसार झाली आणि गावठी डुकरांत मिसळली. आज अमेरिकेत अशी साठ लाखांहून अधिक डुकरे असल्याचा तिथल्या कृषिखात्याचा अंदाज आहे. त्यातली सुमारे सव्वीस लाख एकट्या टेक्सासात.

कायदा तिथे शेतकऱ्याच्या बाजूचा आहे, हे खरे. खासगी जमिनीवर डुक्कर मारायला हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही. २०११ साली टेक्सासने हेलिकॉप्टरमधून डुकरे टिपायला मोकळीक दिली. २०१९ साली, जमीनमालकाची संमती असेल तर शिकारीचा परवानाही लागणार नाही, असे ठरवले. आपल्या तरुणाचा प्रश्न इथपर्यंत बरोबर होता.

गोळी घरी कशी घडते

आता बंदुकीकडे येऊ. तिकडच्या डुकरांच्या शिकाऱ्यांत जुन्या धाटणीच्या 'लिव्हर' रायफलीचे वेड आहे. घोड्याखाली एक कडी असते. ती खाली ओढून वर घेतली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत सरकते. काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसवलेली असतात. त्यातले एक नावाजलेले काडतूस म्हणजे 'पंचेचाळीस-सत्तर'. अमेरिकेच्या लष्कराने ते १८७३ साली घेतले. पंचेचाळीस म्हणजे गोळीची जाडी, इंचाच्या शंभराव्या भागात. सत्तर म्हणजे काळ्या दारूचे वजन, ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. आपल्या सोनाराची जशी गुंज, तसा त्यांचा हा दाणा. लष्कराची जुनी गोळी ४०५ ग्रेनची होती. आपल्या मापात सव्वादोन तोळे शिसे. हाताच्या बोटाच्या पेराएवढा गोळा म्हणा ना.

मार्लिन कंपनीने १८८१ साली आणि विंचेस्टरने १८८६ साली या काडतुसाच्या लिव्हर रायफली काढल्या. मार्लिनच्या पुढच्या पिढीच्या रायफली आजही विकल्या जातात. पण १८७३ सालच्या जुन्या लष्करी बंदुकाही लोकांच्या घरात आहेत. त्या नाजूक. म्हणून कारखान्यातली बहुतेक काडतुसे मुद्दाम मवाळ भरलेली असतात आणि किंमतही चढी असते. म्हणून हौशी माणूस काडतूस घरीच भरतो आणि गोळीही घरीच ओततो.

ती कला ऐकण्यासारखी आहे. शिसे नुसते चालत नाही, मऊ पडते. मोटारीच्या चाकाचा तोल साधायला रिंगला शिशाची वजने लावतात. ती गोळा करून वितळवतात. त्यात थोडे अँटिमनी असतेच, वर थोडे कथील घालतात. कथिलाने रस साच्याच्या कानाकोपऱ्यात भरतो, अँटिमनीने गोळी कडक होते. गरम गोळी साच्यातून थेट पाण्यात टाकली तर आणखी कडक. पण त्याच पाण्याचा एक थेंब वितळलेल्या शिशात पडला तर सारे उसळून तोंडावर येते. शिशाची धूळ आणि वाफ पोटात जाते ती वेगळीच. चांगला कारागीर उघड्यावर ओततो, हात धुतल्याशिवाय तोंडात घास घालत नाही.

मग माप. नळीतून मऊ शिशाचा तुकडा ठोकत बाहेर काढतात आणि तो मोजतात. गोळी त्याहून इंचाचा एक-दोन हजारांश भाग जाड हवी. सैल असली तर जळता वायू बाजूने निसटतो, शिसे वितळून नळीच्या आट्यांना चिकटते आणि नेम सुटतो. जुन्या मार्लिनमधले आटे उथळ, तिथे गोळी आणखी थोडी जाड लागते. गोळीच्या खाचेत मधमाशीचे मेण आणि वंगण भरतात. वेग जास्त ठेवायचा असेल तर बुडाला तांब्याची छोटी वाटी बसवतात.

गोळीचे नाक चपटे ठेवतात. त्याला दोन कारणे. नळीत काडतुसे एकामागे एक बसतात, म्हणजे मागच्या गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या पेटत्या टोपीला टेकते. टोकदार नाक असले तर धक्क्याने तिथेच स्फोट व्हायचा. दुसरे असे, की चपटे नाक मांस फाडत सरळ जाते. मोठ्या नराच्या खांद्यावर चिवट चामड्याची ढाल असते, हे तुमच्यातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. ती फोडून आरपार जायला भारी, मंद चालीची, न फुटणारी गोळी बरी, असा तिकडचा अनुभव. पण फार कडक केली तर हाडावर आदळून तुकडे होतात आणि फार मऊ केली तर नळी भरते. मधला घाट साधावा लागतो. शेवटी काडतुसाचे तोंड गोळीच्या खाचेत घट्ट मुडपतात. नाहीतर धक्क्याने गोळी आत सरकते, दाब वाढतो आणि बंदूकच फुटते.

दारू किती घालायची ते छापील पुस्तकातून. त्या पुस्तकात याच काडतुसाचे तीन तक्ते असतात : जुन्या नाजूक बंदुकीचा, लिव्हर रायफलीचा आणि आधुनिक मजबूत बंदुकीचा. तक्ता चुकला तर हात गेला. तक्त्यातल्या सगळ्यात कमी मापापासून सुरुवात. त्या मापाची पाच काडतुसे, मग किंचित जास्त मापाची पाच, मग आणखी पाच. प्रत्येक पाचांची खूण कागदावर पाहायची. नळीत शिसे चिकटले का, टोपी चपटी झाली का, रिकामे काडतूस निघताना अडते का, सारे वहीत टिपायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

हे ऐकताना आम्हाला आमचे प्रयोगाचे वाफे आठवले. बियाणे, खत आणि पेरणीची तारीख एकाच वर्षी बदलली, तर उतारा कशाने वाढला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तिथला माणूस एका गोळीसाठी हेच शिस्तीने करतो. त्या कारागिरीला आमचा नमस्कार. पण त्या वहीतले एक पान आम्ही मुद्दाम विचारले : एवढ्या मेहनतीनंतर एका रात्रीत डुकरे किती पडतात? उत्तर आले, एक. नशीब असेल तर दोन. पहिला बार झाला की कळप पांगतो. पुढच्या वेळी तो आणखी उशिरा, आणखी अंधारात येतो, नाहीतर शेजाऱ्याच्या शेतात जातो.

हिशेब करून पाहू

आपण हिशेबाची माणसे. समजा शिवारात शंभर डुकरे आहेत. त्यात विणाऱ्या माद्या चाळीस धरा. वर्षाकाठी एका मादीची चारच पिले जगली असे धरा, खरे तर जास्तही जगतात. एकशे साठ नवी. एकूण दोनशे साठ. कळप पुन्हा शंभरावर आणायचा तर वर्षात एकशे साठ मारली पाहिजेत, म्हणजे शंभरात बासष्ट. हा आमचा ढोबळ हिशेब झाला. टेक्सासच्या कृषी विस्तार सेवेचा आकडा त्याहून थोडा चढाच आहे : वर्षाला सुमारे ६६ टक्के डुकरे काढली, तर कळप वाढत नाही. घटत नाही, फक्त वाढत नाही. एकट्याने एक-एक डुक्कर टिपून हा आकडा गाठता येईल का, तुम्हीच सांगा.

तिकडे त्यांनी बक्षीसही लावून पाहिले. जॉर्जिया राज्यातल्या फोर्ट बेनिंग या लष्करी तळावर २००७-०८ साली डुकराच्या एका शेपटीला चाळीस डॉलर देत होते. हजाराहून अधिक शेपट्या जमा झाल्या. कळप घटला नाही. शिकाऱ्यांनी आमिष म्हणून टाकलेला मका खाऊन उरलेली डुकरे गुटगुटीत झाली.

याहून मोठी गोम पुढेच आहे. शिकार हा धंदा झाला. बाहेरचा हौशी माणूस पैसे मोजून शेतात शिकार करतो, मालकाला उत्पन्न मिळते. ज्या डुकरावर पैसा मिळतो ते डुक्कर संपावे असे कुणाला वाटेल? उलट काही महाभाग गाडीत घालून डुकरे नव्या रानात सोडू लागले. टेनेसी राज्याने १९९९ साली वर्षभर शिकार खुली केली. डुकरे कमी होण्याऐवजी नव्या नव्या भागांत पसरली. २०११ साली त्यांना धोरण फिरवावे लागले. कॅन्ससने २००६ सालीच हौशी शिकारीवर बंदी घातली. मिसूरीच्या वनसंवर्धन खात्याने २०१६ साली आपल्या जमिनींवर डुकराची शिकार बंद केली. डुकरांच्या प्रेमापोटी नव्हे. अख्खा कळप एकदम कोंडण्यासाठी मोठे पिंजरे लावले असताना कुणीतरी एक बार काढतो आणि महिन्याचे काम पाण्यात जाते, म्हणून. तिथे आता कळप महिनाभर चाऱ्यावर सवयीचा करतात. सगळी डुकरे पिंजऱ्यात आल्याची खात्री झाली की मगच दार पाडतात. राखायला बंदूक, पण संपवायला पिंजरा, आणि तोही सरकारी खर्चाने. २०१८ च्या अमेरिकी शेती कायद्यात डुकरांच्या बंदोबस्तासाठी साडेसात कोटी डॉलर ठेवले गेले.

म्हणजे ज्या अमेरिकेचा दाखला आपण देतो, तिथेही एकट्या शेतकऱ्याची बंदूक पुरली नाही.

आपल्या घरात काय आहे

आता आपल्याकडे या. काहींच्या मनात येईल, गोळी घरी ओतता येते तर आपणही ओतू. तो विचार इथेच पुरून टाका. विनापरवाना काडतूस बनवणे हा शस्त्र कायद्याखाली मोठा गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा आणखी कडक झाली आहे. डुकरासाठी पेरलेले गावठी बाँब आणि कुंपणात सोडलेली चोरटी वीज यांनी आपल्याच माणसांचे आणि गुरांचे जीव घेतले आहेत. शिवाय सव्वादोन तोळ्यांची गोळी डुकरात थांबत नाही. १८७९ साली अमेरिकी लष्कराने सँडी हूकच्या किनाऱ्यावर याच पंचेचाळीस-सत्तरची लांब पल्ल्याची चाचणी घेतली, तेव्हा नळी उंच धरून सोडलेल्या गोळ्या तीन किलोमीटरपलीकडे पडल्या. टेक्सासात तेवढ्या अंतरात माणूस नसतो. आपल्याकडे तेवढ्यात दोन गावे, एक शाळा आणि दहा माळ्यांवर जागलीला बसलेली माणसे असतात.

पण हेही ऐका. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १३ साफ सांगते, की खरोखर पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि ती पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसरी, आत आटे नसलेली बंदूकही देता येईल. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे कलम ११ म्हणते, की उभ्या पिकाला धोका करणारा प्राणी मारायची परवानगी अधिकारी देऊ शकतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे, तरीही हे दार बंद झालेले नाही. कलम ६२ खाली केंद्र सरकार एखाद्या भागापुरता प्राणी उपद्रवी ठरवू शकते. २०१५ च्या डिसेंबरात बिहारसाठी आणि २०१६ च्या फेब्रुवारीत उत्तराखंडासाठी रानडुकराबाबत तसे झालेही. केरळने २०२२ साली ग्रामपंचायतीच्या प्रमुखालाच परवानगीचा अधिकार दिला. म्हणजे कायद्यात हक्क आहे. तो आपल्या धुऱ्यापर्यंत पोचत नाही. अर्ज करायचा, पंचनाम्याची वाट पाहायची, परवानगी येईपर्यंत ज्वारीची धाटे उरलेली असतात.

आणि परवानगी मिळून काय होते तेही आपण पाहिले. २०१६ साली चंद्रपूर जिल्ह्यात ५३ रानडुकरे मारली गेली, त्यावरून केंद्रातल्या दोन मंत्र्यांत जाहीर खडाजंगी झाली. वर्तमानपत्रांचे रकाने भरले. त्या ५३ डुकरांनी चंद्रपूरच्या शेतकऱ्याची जागल सुटली का? नाही सुटली. दिल्लीत एक बाजू प्राण्याच्या जिवाबद्दल बोलली, दुसरी बाजू गोळीबद्दल बोलली. माळ्यावर बसलेल्या माणसाच्या झोपेबद्दल कुणीच बोलले नाही.

जागलीची मजुरी कुठल्या उत्पादन खर्चात धरली जाते? ज्वारी सोडून लोक सोयाबीनकडे का वळले, याच्या कारणांत भाव, मजुरी, पक्षी यांच्या जोडीला डुकरेही आहेत. कडबा गेला, मग बैल गेले, घरची भाकरीही विकतची झाली. हा तोटा पंचनाम्याच्या कागदावर मावत नाही.

ठराव असा असावा

म्हणून आमची सूचना अशी, की एका ओळीऐवजी चार कलमे लिहावीत.

एक : कलम ११ ची परवानगी गावपातळीवर, ठरलेल्या मुदतीत मिळावी. मुदतीत निर्णय न देणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी कारण द्यायला लावावे. बंदूक चालवणारी माणसे प्रशिक्षित असावीत आणि गावाने निवडलेली असावीत. शिकारीचा बाजार होऊ देऊ नये.

दोन : कळप कोंडण्याचे पिंजरे सरकारने आपल्या खर्चाने गावोगाव द्यावेत. मेलेले सापडलेले डुक्कर कायद्याने सरकारची मालमत्ता. मग त्याच डुकराने जिवंतपणी आमचे पीक खाल्ले तर भरपाई म्हणजे दान कसे? ती जागलीच्या मजुरीसह, पूर्ण बाजारभावाने मिळाली पाहिजे.

तीन : वन्य प्राण्यांनी केलेले नुकसान २०२६ च्या खरिपापासून पीक विम्यात घेण्याची घोषणा केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये केली. नुकसान ७२ तासांत कळवायचे, अशी तिची अट आहे. पण कुठले प्राणी आणि कुठला भाग, हे राज्याने जाहीर करायचे आहे. त्या यादीत रानडुक्कर, रोही आणि आपला जिल्हा असलाच पाहिजे.

चार : हे कलम सरकारसाठी नाही, आपल्यासाठी आहे. नाल्याकाठची वेड्या बाभळीची जाळी ही डुकरांची दिवसाची धर्मशाळा. ती गावाने मिळून साफ करावी. एकाने झटका कुंपण घातले तर डुकरे शेजाऱ्याकडे जातात, म्हणून कुंपण शिवाराला घालावे, एका सात-बाऱ्याला नव्हे. ज्वारीची पेरणी आसपासच्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात करावी. एकट्याची ज्वारी ही डुकरांची पंगत असते.

या चारांना टाळ्या कमी पडतील, हे आम्हाला माहीत आहे. 'बंदूक द्या' म्हटले की अंगावर काटा येतो. 'पिंजरा द्या, पंचनामा करा' म्हटले की जांभई येते. पण टाळ्यांसाठी लिहिलेल्या ठरावाने एका कणसाचीही राखण झाली नाही, हे आम्ही स्वतःपुरते कबूल करतो.

बैठकीला या. ज्यांना जुनाच ठराव हवा आहे त्यांनी जरूर यावे आणि भांडावे. येताना मात्र एक काम करा. गेल्या हंगामात जागलीला किती रात्री गेल्या, घरातले कोण कोण गेले आणि तरीही किती ओळी आडव्या झाल्या, ते वहीत लिहून आणा. एका गोळीसाठी टेक्सासातला माणूस वही भरतो. आपण आपल्या पिकासाठी एक पान भरू.